लिहिणारं जुनं, वाचणारं नवं

जुन्या टेपा डिजिटल करून देण्याचं काम मी पुण्यात करतो. व्हीएचएस, मिनीडीव्ही, क्वचित कधी यू-मॅटिक. त्यांवर लग्नं आणि मुंजी असतात, गणेशोत्सवातले कार्यक्रम असतात, हौशी संघांची नाटकं आणि कीर्तनं असतात. या कामाचं मुख्य हत्यार म्हणजे एफएफएमपेग, व्हिडिओ फाइली बनवणारं आणि उलगडणारं सॉफ्टवेअर. कामात नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, एफएफएमपेगचं कोणतं व्हर्जन घेऊ, लेटेस्ट की स्टेबल? मी त्यांना सांगतो की हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फाइल तयार करणाऱ्या आणि फाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला एकच नियम लावून भागत नाही. एन्कोडर नीट पारखून घ्यावा आणि हातातलं काम संपेपर्यंत त्याला हात लावू नये. डिकोडर मात्र ताजा ठेवावा.

याचं मूळ मानकातच आहे. एच.264 हे मानक 2003 साली आलं. फाइल उलगडायची कशी, हे त्यात शेवटच्या बिटपर्यंत बांधून दिलंय. ती बनवायची कशी, याबद्दल मात्र मोकळीक आहे. हालचाल कुठे शोधायची, बिट कुठे खर्चायचे, अंधाऱ्या कोपऱ्यात किती काटकसर करायची, हे एन्कोडर लिहिणाऱ्याने ठरवायचं. त्यामुळे एकच फाइल दोन बिनचूक डिकोडरांना दिली तर चित्र तंतोतंत सारखं यायलाच हवं. एकच टेप एन्कोडरच्या दोन व्हर्जनना दिली तर मात्र दोन निराळ्या फाइली निघतात, आणि मानकाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर असतात. एमपेग-2 च्या काळात डिकोडरलाही आकडेमोडीत थोडी सूट होती, एच.264 ने ती काढून टाकली. आमच्या धंद्यावर त्या मानकाचे हे मोठे उपकार आहेत.

आता 'स्टेबल' म्हणजे काय ते पाहू. फाब्रिस बेलार यांनी 2000 साली एफएफएमपेग सुरू केलं. मध्ये अशी काही वर्षं गेली की रिलीजच निघत नव्हतं, रिपॉझिटरीतून ताजा कोड उचला असाच सल्ला मिळायचा. मार्च 2009 मध्ये 0.5 आलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आज 5.1.2 सारखे आकडे दिसतात. पहिला आकडा बदलला की आतल्या लायब्ररींची मोडतोड झालेली असते आणि त्यांवर उभे असलेले प्रोग्रॅम पुन्हा बांधावे लागतात. दुसरा बदलला की नव्या सोयी येतात. तिसऱ्यात फक्त दुरुस्त्या. माझं लक्ष या तिसऱ्या आकड्यावर असतं. नवीकोरी शाखा मी उत्पादनाच्या मशीनवर चढवत नाही. तिसरा आकडा दोन-तीन पायऱ्या चढू देतो. तोवर जगभरच्या लोकांनी तिच्यातली बरीच कुसळं काढलेली असतात.

'प्रायोगिक' हा शिक्का विकासक उगाच मारत नाहीत, हेही ध्यानात ठेवावं. एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी ऑडिओ एन्कोडर वर्षानुवर्षं प्रायोगिक होता. कमांडमध्ये 'स्ट्रिक्ट'चा पर्याय देऊन जोखीम मान्य केल्याशिवाय तो चालायचाच नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये 3.0 आलं आणि ती अट गेली. व्हीव्हीसी या नव्या व्हिडिओ मानकाचा डिकोडर एप्रिल 2024 च्या 7.0 मध्ये प्रायोगिक म्हणून आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या 7.1 मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाला. एकाला वर्षं लागली, दुसऱ्याला काही महिने. स्थैर्य कॅलेंडरवरून ठरत नाही.

डिस्ट्रिब्युशनने दिलं तेच स्टेबल, असं मानणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी 2011 नंतरची उबुंटूची चार वर्षं आठवावीत. एफएफएमपेगमध्ये फूट पडून लिबाव्ह हा वेगळा प्रकल्प निघाला आणि डेबियन-उबुंटूने लिबाव्हची बाजू घेतली. उबुंटू 12.04 वर 'एफएफएमपेग' असं टाइप केलं की चालायचं ते लिबाव्हचं रूप, आणि वर सूचना यायची की हा प्रोग्रॅम कालबाह्य आहे, 'एव्हीकॉन्व्ह' वापरा. खरं एफएफएमपेग तर जोमात चालू होतं. 14.04 मध्ये ते पॅकेज म्हणून उपलब्धच नव्हतं. 2015 मध्ये 15.04 बरोबर परतलं. तेव्हापासून कुठल्याही मशीनवर बसलं की आधी व्हर्जनची कमांड देऊन येणाऱ्या ओळी वाचायच्या, ही सवय मी सगळ्यांना लावतो. पहिल्या ओळीत व्हर्जन कळतं, त्याखाली 'कॉन्फिगरेशन'मध्ये कोणत्या लायब्ररी जोडल्यात ते. एनव्हीडियाच्या कार्डावर एन्कोड करत असाल तर ड्रायव्हरचं व्हर्जनही या हिशोबात धरा. नव्या बिल्डला जुना ड्रायव्हर चालत नाही, आणि काम पहिल्याच फ्रेमला थांबतं.

एन्कोडर पारखायचा कसा? माझ्याजवळ काही छोट्या क्लिपांचा संच आहे, आणि नवं व्हर्जन आलं की ते आधी या संचातून जातं. नाटकाचा प्रवेश संपताना रंगमंच हळूहळू अंधारत जातो, ती एक. तिथे वाईट एन्कोडिंग काळ्या रंगाच्या पायऱ्या पाडतं. पैठणीच्या जरीवरून कॅमेरा फिरतो, ती दुसरी. वारीची गर्दी: फ्रेमचा कोपरान् कोपरा हलतो, बिट पुरत नाहीत. कीर्तनात टाळ वाजतात, तिथे आवाज आणि ओठ जुळतात का ते कळतं. आणि एक खराब झालेली टेप, जिच्यात ट्रॅकिंग सुटतं आणि मध्येच फ्रेम गळतात. टाइमस्टॅम्प सांभाळण्यात दोन व्हर्जनमध्ये फरक असेल तर तो इथे उघडा पडतो. सगळं मोठ्या टीव्हीवर, खोली अंधारी करून बघायचं. पीएसएनआर, व्हीएमएएफसारखे मापांचे आकडे काढावेत, पण ते डोळ्यांच्या मदतीला. अंधारातल्या पायऱ्या अशा आकड्यांतून बऱ्याचदा निसटतात.

एकदा व्हर्जन ठरलं की एका संस्थेचा संपूर्ण संग्रह त्याच व्हर्जनवर. एका खोलीचा रंग एकाच बॅचच्या डब्यांतून द्यावा, तसं हे आहे. एसव्हीटी-एव्ही1 सारख्या तरुण एन्कोडरमध्ये तर हे फार जपावं लागतं: तिथे प्रीसेटचा आकडा तोच राहतो, पण व्हर्जन बदललं की त्याचा वेग आणि दर्जा बदललेला असू शकतो. एच.264 चा एन्कोडर एक्स264 वयाने पोक्त आहे. तरी त्यातही थ्रेडची संख्या बदलली की निघणारे बिट बदलतात, म्हणून मी तीही नोंदवतो.

मास्टर कॉपीसाठी तर डोळ्यांवरही विसंबावं लागत नाही. पॅलची एक तासाची टेप 10 बिट 4:2:2 मध्ये न दाबता साठवली तर सुमारे 93 जीबी होते. एफएफव्ही1 तीच काहीही न गमावता बरीच लहान करतं. टेपवर मुंग्या जास्त असतील तर बचत कमी. एफएफव्ही1 ची व्याख्या 2021 साली आयईटीएफने आरएफसी 9043 म्हणून प्रसिद्ध केली, तेव्हापासून संस्थांना ते सुचवताना मला अवघडल्यासारखं होत नाही. मी कॅप्चरची आणि एफएफव्ही1 ची, दोन्हींची फ्रेमएमडी5 यादी काढतो. प्रत्येक फ्रेमला एक ओळ, ओळीच्या शेवटी त्या फ्रेमच्या बिटांवरून काढलेली 32 अक्षरं. दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. मग तीच फाइल दुसऱ्या व्हर्जनने उलगडून तिसरी यादी काढायची. तिन्ही जुळल्या तर एन्कोडर पास. एक ओळ जरी चुकली, तरी ते व्हर्जन माझ्या कामाचं नाही.

डिकोडर ताजा ठेवण्यामागे दोन कारणं आहेत. एक कारण फारसं कुणी सांगत नाही. एक्स264 ने बनवलेली फाइल मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये उघडा. 'रायटिंग लायब्ररी'समोर 'एक्स264 कोअर 164' असं काहीतरी दिसेल, आणि खाली सीआरएफपासून रेफरन्स फ्रेमपर्यंत सगळी सेटिंग्ज. ही ओळ व्हिडिओच्या प्रवाहातच लिहिलेली असते. एफएफएमपेगचा डिकोडर ती वाचतो. एक्स264 च्या जुन्या बिल्डमध्ये 4:4:4 च्या बाबतीत एक चूक होती, ती 151 व्या बिल्डला सुधारली. फाइल त्याआधीची आहे असं दिसलं की डिकोडर तीच चूक जाणीवपूर्वक पाळतो, म्हणजे चित्र जसं हवं तसं उमटतं. जुन्या एन्कोडरचे दोष सांभाळून घ्यायला नवा डिकोडर शिकलेला असतो. कुणीतरी स्वतःचा वेळ घालून, आपण कधी न पाहिलेल्या फाइलींसाठी हे लिहून ठेवलंय, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुसरं कारण सुरक्षेचं. डिकोडर परक्याची फाइल उघडतो. 2015 साली अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट लायब्ररीतली भोकं उघड झाली तेव्हा नुसत्या एमएमएसमधल्या व्हिडिओवरून फोन ताब्यात घेता येत होता. सप्टेंबर 2023 मध्ये लिबवेबपी या चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीतल्या दोषासाठी सगळ्या मोठ्या ब्राउझरांना घाईने पॅच काढावे लागले. त्याच महिन्यात लिबव्हीपीएक्समधला दोष सापडला, तो तर एन्कोडिंगच्या बाजूचा होता. म्हणून एन्कोडर गोठवलेलं माझं मशीन इंटरनेटला जोडलेलं नसतं, आणि त्यात फक्त मीच कॅप्चर केलेलं साहित्य जातं. ग्राहकाच्या पेनड्राइव्हवरच्या फाइली उघडायला वेगळं मशीन आहे. तिथे आलेला अपडेट मी थांबवत नाही.

लग्नाचे व्हिडिओग्राफर, नाट्यसंस्था, ग्रंथालयं, घरचा संग्रह स्वतः करणारी मंडळी, सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. फाइलींच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. तिच्यात एन्कोडरचं नाव आणि पूर्ण व्हर्जन, दिलेली कमांड जशीच्या तशी, थ्रेडची संख्या, कॅप्चरची तारीख आणि चेकसम लिहा. त्या व्हर्जनचा सोर्सही शेजारी ठेवा. 20 एमबीचं सुद्धा ओझं नाही.