खुराड्याचा एक हंडा

मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. आमच्या अंगणात पंधरा गावरान कोंबड्या आहेत. अंड्यांच्या पैशातून अम्मींच्या बीपीच्या गोळ्या येतात, म्हणून उन्हाळ्यात त्या जगवणे आम्हाला भाग आहे.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचेच तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. ऊन सोसेना की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि अंड्याचे कवच पातळ होते.

दाणा पचतानाही अंगात उष्णता वाढते. म्हणून आम्ही दाणा फजरनंतर आणि ऊन उतरल्यावर देतो. टिनावर पऱ्हाट्या पसरतो, जाळीला एका बाजूने ओले गोणपाट बांधतो. दुसरी बाजू वाऱ्यासाठी मोकळी ठेवतो. सावलीतल्या मातीच्या भांड्यांतले पाणी जोहरच्या आधी बदलतो.

नळ चार-चार दिवस येत नाही, तरी एक हंडा खुराड्याचा ठरलेला. शेजारच्या खाला म्हणाल्या, "शेवटी कापायच्याच ना?"

अम्मी म्हणाल्या, "जित्या आहेत तोवर त्यांची तहान आपल्या जिम्मे."