वाडीपर्यंत जाणारी गाडी

मोठ्या गाड्यांच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. डोंगराच्या टोकावर गाडी एकटीच उभी असते, मागे सूर्य मावळत असतो. ती तिथे पोचली कशी, जाताना कुणाच्या शेतातून गेली आणि या सगळ्याला पैसे किती पडले, हे मात्र जाहिरातीत सांगत नाहीत. आमच्या घरात गेली काही वर्षं हेच तीन प्रश्न चर्चेला होते. हिशोबाची वही माझ्याकडे असते, म्हणून उत्तरंही माझ्याकडेच जमा झाली.

आमचे सासरे, आण्णा, मूळचे चंदगड तालुक्याच्या पश्चिम टोकाचे. पारगडाच्या बाजूला डोंगराच्या पोटाशी दहा-बारा घरांची एक वाडी आहे, तिथला त्यांचा जन्म. (वाडीचं नाव मुद्दामच देत नाही. का, ते पुढे कळेल.) १९६२ साली ते बेळगावला फौंड्रीत कामाला आले आणि इथलेच झाले, पण वर्षातून दोनदा वाडीला जाऊन देवापुढे नारळ ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते जाणं थांबलं. कारण डांबरी रस्ता संपल्यावर साडेतीन किलोमीटर कच्ची वाट आहे. मध्ये एक ओढा, मग जांभ्याचा उघडा सडा आणि शेवटी अंगावर येणारा चढ. भाड्याची जीप करू, असं मी सुचवलं होतं. दोन ड्रायव्हरांनी डांबर संपलं तिथेच हात जोडले.

तेव्हा ह्यांनी आणि धाकट्या भाऊजींनी सफारी काढली. म्हणजे विषय काढला. टाटांनी १९९८ मध्ये सफारी बाजारात आणली तेव्हापासून ती ह्यांच्या मनात होती. जुन्या बांध्याची, म्हणजे ट्रकसारख्या स्वतंत्र चेसीवर बसवलेली सफारी २०१९ मध्ये बंद झाली. २०२१ मध्ये त्याच नावाने नवी गाडी आली, पण तिला फोर बाय फोरची सोय नव्हती. म्हणजे जुनीच शोधायची. मी एकच अट घातली. गच्चीवर पत्रा घालण्यासाठी ठेवलेले पैसे यात जाणार होते, म्हणून गाडीची किंमत आणि कागदपत्रं सोडून पुढच्या सगळ्या कामाला पावणेदोन लाख. त्यावर एक रुपया नाही.

तीन गाड्या पाहिल्या. पहिली मडगावची. रंग काचेसारखा चकचकीत. पण भाऊजी खाली झोपून बघून आले आणि नुसती मान हलवली. समुद्राच्या खाऱ्या हवेत चेसीला आतून गंज चढतो, आणि रंग कितीही नवा असला तरी चेसी बदलता येत नाही. दुसरीचा फोर बाय फोरचा खटका फिरवला की नुसता दिवा लुकलुकायचा, पुढची चाकं काही ओढ घ्यायची नाहीत. तिसरी कोल्हापूरची, २०१० सालची, २.२ लिटर डिझेलची, १ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेली. ३ लाख २० हजारांना ठरली. २०२२ चा फेब्रुवारी होता.

आपण सीमेवरची माणसं. कोल्हापूर आपल्याला शेजारघर वाटतं, पण एमएच ०९ ची पाटी केए २२ करायची म्हणजे परदेशी सोयरीक. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडचा ना हरकत दाखला आणि इकडचा आजीव कर. गाडी बारा वर्षांची, तरी करासकट कागदांचे पन्नास हजारांवर गेले. जुनी गाडी महाराष्ट्रातून आणणाऱ्यांनी हा आकडा आधी विचारून घ्यावा. बरेच जण तो सौदा झाल्यावर विचारतात.

आता पावणेदोन लाखांची गोष्ट. भाऊजींची यादी तयार होती. गाडी चार इंच उंच करायची, पुढे भरभक्कम लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची पट्टी, बाजूला वर येणारा हवेचा नळकांडा. मिस्त्रींनी यादी वाचली आणि घडी घालून परत दिली. "साहेब, लाईट रातच्याला लागतंय. तुमी त्या रानात रातचं जातासा काय?" जात नाही. २००२ पासून चंदगड आणि दोडामार्गाच्या रानात कर्नाटकाकडून आलेले हत्ती आहेत. अंधार पडायच्या आत डांबरावर यायचं, हा तिकडचा नियमच आहे. दिव्यांची पट्टी गेली.

लोखंडी गार्ड कायद्याने गेला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने असे गार्ड काढायला लावण्याचे आदेश राज्यांना दिले. रस्त्यावरच्या पादचाऱ्याला त्याचा मार जास्त बसतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेला गाडीचा मूळ ढाचा मनाला येईल तसा बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलं.

उंची वाढवण्याचा हट्ट जास्त दिवस टिकला. सफारीच्या पुढच्या चाकांना कमानी पाटे नसतात, लांब पोलादी दांड्या असतात. त्या पिळल्या जातात आणि स्प्रिंगचं काम करतात. त्यांचा बोल्ट पान्याने आवळला की पुढची बाजू फुकटात दोन इंच उचलते. फुकट म्हटल्यावर मीसुद्धा कान टवकारले. मिस्त्री म्हणाले, उचलते खरी, पण मग चाकाला खाली यायला जागाच उरत नाही. खड्ड्यात चाक लोंबत राहतं, जमिनीला टेकतच नाही. बॉल जॉइंट लवकर जातात, टायर एका बाजूने झिजतात. वर्षानुवर्षांच्या वजनाने बसलेली गाडी त्यांनी मूळ उंचीवर आणून ठेवली, त्यापुढे नाही. तरी भाऊजींची कुरकुर चालूच. शेवटी आण्णांनीच निकाल दिला. "आणि मला काय शिडी लावून चढवतोस काय रे?"

मग पैसे गेले कुठे? ज्याचा फोटो काढावासा वाटणार नाही अशा जागी. ब्रेकचे डिस्क आणि लायनिंग, क्लच, रेडिएटर उघडून साफ करणं, सगळे होस पाइप आणि पट्टे, खालचे बूश आणि बॉल जॉइंट, दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल मिळून ६८ हजार. रेडिएटरवर ह्यांनी फार जोर दिला. डांबरावर गाडी पळते तेव्हा वारा तिला थंड ठेवतो. कच्च्या चढावर ती माणसाच्या चालीने जाते, इंजिन मात्र पुरं राबत असतं. वारा नाही. तिथे जुना रेडिएटर दगा देतो, आणि तिथे गॅरेज नसतं.

पाच टायर ६२ हजार ५००. पाच, कारण स्टेपनी गुळगुळीत ठेवून चार नवे घेणं म्हणजे एका पायात चप्पल घालण्यासारखं. माप कंपनीचंच ठेवलं, फक्त नक्षी जाड आणि बाजूची भिंत मजबूत. हा खर्च मला आधी उधळपट्टी वाटला होता. ओढ्यात उतरल्यावर मत बदललं. जमिनीला शेवटी टायरच लागतो; वरची सगळी ताकद त्या चार पंजांएवढ्या जागेतूनच उतरते. खडकावर आणि चिखलात हवा पस्तीसवरून बावीसपर्यंत कमी केली की टायर पसरतो, दगडाला मिठी मारतो आणि पाठीला हादरेही कमी बसतात. डांबरावर परतल्यावर मात्र हवा भरायलाच हवी, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप.

बाकीचं उद्यमबागेने केलं. आपल्या गावाला हे वरदानच म्हणायचं. ज्या वस्तूला शहरातल्या दुकानात तीस हजार सांगतात, ती इथे कागदावर चित्र काढून दिलं की चार दिवसांत तयार. इंजिनाच्या चेंबरखाली चार एमएमचा पत्रा, तेल बदलायला भोक ठेवून, बोल्टवर काढता येईल असा, ९ हजार. पुढे-मागे थेट चेसीला बसवलेले ओढायचे हूक साडेचार हजार. बंपरला दोर बांधून दोन टनांची गाडी ओढली तर बंपर हातात येतो, म्हणून हे हूक. दोर, शॅकल, फावडं आणि तो पंप मिळून १४ हजार. मागची सीट काढता येते, पण काढली नाही. तिच्यामागे फळ्यांचा कप्पा केला, त्यात पाण्याचा कॅन, स्टोव्ह, औषधं, ६ हजार. आणि आण्णांसाठी एक लोखंडी स्टूल, दोरी बांधलेलं. ते चढले की आत बसून दोरीने स्टूल वर ओढून घेतात. ८५० रुपये. माझ्या वहीतली सगळ्यात समाधानाची नोंद तीच.

एकूण १ लाख ६४ हजार ८५०.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरता सरता, आम्ही निघालो. हिंडलगा, बाची, शिनोळीला राज्य बदललं, पाटणे फाटा, चंदगड. पुढे मोटणवाडीवरून इसापूरच्या वाटेने हवा एकदम ओली होते. काजूच्या बागा, मध्येच भाताची पिवळी खाचरं, आणि पश्चिमेला जमीन तुटून कोकण खाली दिसायला लागतं. आण्णा दर वळणावर कुणाकुणाची नावं घेत होते, निम्मी माणसं आता हयात नाहीत.

डांबर संपलं तिथे आण्णांच्या चुलत भावाचा मुलगा उभा होता. रामराम झाला, आण्णांच्या पाया पडला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काकी, गाडी आत घालू नकासा. राग मानू नका."

गेल्या पावसाळ्यात रविवारी चार मोठ्या गाड्या आल्या होत्या. चिखल हवाच होता त्यांना. ओढ्याच्या काठावर चाकं गरागरा फिरवून तासभर मजा केली आणि गेल्या. त्या चाकोऱ्यांतून पावसाचं पाणी वाहिलं, वाटेची नाली झाली, बांध फुटला आणि दोन खाचरांत रेती भरली. डेअरीचे कॅन त्यानंतर महिनाभर डोक्यावरून आणावे लागले. वाडीला ही एकच वाट आहे. रेशन, दूध, बाळंतीण, सगळं त्यावरूनच. आमची गाडी बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला दिसलं होतं.

भाऊजी समजवायला लागले, आम्ही तसले नव्हे, लोमध्ये हळू काढतो, चाक फिरवणार नाही. ते खरंच होतं. पण भात उभं होतं आणि जमीन ओली होती, दोन टनांचं वजन कितीही हळू नेलं तरी ते दोन टनच. आण्णा खिडकीतून ओढ्यापलीकडे बघत होते. पाच मिनिटं कुणीच बोललं नाही. मग तेच म्हणाले, "वळीव गाडी. भात कापल्यावर येऊ."

येताना पारगडाखाली थांबलो. १६७६ च्या सुमाराला शिवाजी महाराजांनी वसवलेला हा गड. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा इथला किल्लेदार. मालुसऱ्यांचे वंशज अजून गडावर राहतात. आण्णांना पायऱ्या चढवेनात, त्यांनी खालूनच भवानीला हात जोडले. परतीत गाडीत फार शांतता होती.

भाऊजींच्या मित्रांनी मधल्या काळात दुसरा मार्ग सुचवला. खानापूरच्या जंगलात चला, तिथे अडवायला कोण आहे? आहेत की. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. सार्वजनिक रस्ता सोडून परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा आहे. तिथल्या दुर्गम गावांतली माणसं पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून आणतात, आणि आपण त्याच वाटेवर चिखल उडवायला जायचं, हे आण्णांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

जानेवारीत पुतण्याचा फोन आला. वाट वाळली होती, वाडीने श्रमदानाने चाकोऱ्यांत जांभा भरला होता. आम्ही दोन दिवस आधी जाऊन, ह्यांनी, भाऊजींनी आणि मी, ओढ्याच्या उताराला दगड लावायला हात लावला. फावड्याचा पहिला खराखुरा उपयोग तो. मग आण्णांना आणलं. ओढ्यातून आधी भाऊजी चालत गेले, पाणी चाकाच्या निम्म्याच्याही खाली. खटका लोवर. गाडी म्हशीसारखी चालली, ना घाई ना आवाज. सड्यावर खालच्या पत्र्याला एकदा दगड घासला, नऊ हजार तिथे वसूल झाले. मोठ्या गाडीची अडचण शेवटच्या चढाआधी कळली. दोन काजूंच्या मधून जायला जागा टीचभर कमी. पुतण्या कोयता घेऊन पुढे झाला, तर आण्णा ओरडले, "फांदी तोडू नको, आरसे मिटवा." आरसे मिटवले. निघालो.

आण्णा वाडीत दोन रात्री राहिले. परत निघायच्या दिवशी पुतण्याच्या आईचं रक्तदाब तपासायचं राहिलंय म्हणाले, तिला चंदगडला घेऊन जाऊ, मग पुतण्याच्या शेजारणीचे डोळे निघाले, मग काजूचं एक पोतं. सात माणसांची गाडी होती, आम्ही नऊ जण उतरलो. स्टुलाची दोरी ओढायला आण्णांनी कुणाला हात लावू दिला नाही.

२०२५ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. तपासणी होऊन पाच वर्षांची मुदत वाढून मिळाली. गच्चीवरचा पत्रा अजून व्हायचाय. जानेवारीत ओढ्याला पुन्हा दगड लावायला जायचं आहे, फावड्याचा दांडा तेवढा बदलायला हवा.