मधलं वर्ष

मोतीबिंदू काढल्यावर नजर स्वच्छ झाली, पण ट्रेसिंगला पेन्सिल धरली की बोट हलतं. त्यामुळे सेफवरचे, म्हणजे डोक्याच्या बाजूच्या एक्स-रेवरचे, बिंदू आता माझी विद्यार्थिनी संगणकावर टाकते. मी शेजारी बसून बघतो. वरच्या जबड्यावरचा ‘ए’ बिंदू ती माझ्यापेक्षा जरा पुढे धरते. आमचा खरा वाद मात्र मधल्या वर्षावरून आहे.

खालचा जबडा पुढे वाढला की दात आपापली तडजोड करून घेतात. खालचे जिभेकडे कलतात, वरचे ओठाकडे झुकतात, आणि हाडांतलं दहा मिलिमीटरचं अंतर दातांत तीन-चारच दिसतं. सर्जनला जबडा पुरेसा सरकवता यावा म्हणून ही तडजोड आधी मोडावी लागते. शस्त्रक्रियेआधी वर्ष-दीड वर्ष तारा, हेच ते मधलं वर्ष. त्या काळात उलटा चावा आणखी वाढतो, पुढच्या दातांनी भाकरी तुटत नाही, ‘स’ घसरतो. राजाराम कारखान्याकडची एक आई भर वेटिंग रूममध्ये म्हणाली होती, "पैसं घिऊन पोरीचं त्वांड बिघडवलंसा की ओ डॉक्टर!" तिला सगळं आधी सांगितलेलं होतं, फोटोंसकट. पण एकदा ऐकलेलं वेगळं आणि रोज आरशात बघावं लागणारं वेगळं. तारांचा जोर, रबरं, कोणते दात काढायचे, सगळं बदलून पाहिलं. वर्ष थोडं आखडतं, नाहीसं होत नाही.

दरम्यान बावड्यात माझ्याकडे येणारी माणसंही बदलली. पूर्वी लग्नाच्या मुली यायच्या, मावशीला किंवा आईला घेऊन. टाळू शिवलेली मुलं मोठी होऊन यायची, वरचा जबडा मागे राहिलेली. लहानपणी हनुवटीवर पडून सांधा जाम झालेलीही यायची, तोंडात जेमतेम एक बोट जाणारी. आता भगवा चौकातली पोरं एकटी येतात आणि मोबाइलमधला स्वतःचा बाजूचा फोटो मोठा करून दाखवतात. लग्नाची तारीख ठरल्यावर येणारेही वाढलेत. चावता येत नाही ही तक्रार फार थोड्यांची, आणि विचारलं तर बहुतेक जण घास तसाच गिळत असतात. विमा कंपन्या जबड्याच्या शस्त्रक्रियेला सौंदर्याचं काम म्हणतात, याची मला चीड आहे. त्याहून चीड येते ती हाडाचा दोष दात काढून झाकणाऱ्यांची. जागा संपल्यावर तो पेशंट आमच्याकडे येतो, आणि ते दात पुन्हा उभे करणं महाकठीण होऊन बसतं.

विद्यार्थिनीचं म्हणणं, आधी शस्त्रक्रिया, तारांचं मोठं काम नंतर. जपानमधल्या सेंदाईच्या मंडळींनी 2009 मध्ये ही पद्धत मांडली. हाड कापल्यावर काही महिने त्याची उलाढाल वाढते आणि दात भराभर सरकतात, हे खरं आहे. मी तिला सांगतो, 1960 च्या आधी जबडे बहुधा तारांशिवायच कापत; ओब्वेगेसर या सर्जनची खालच्या जबड्याची चीर पन्नासच्या दशकातली, आमची तयारी तिच्यामागून आली. ती म्हणते, "सर, तेव्हा नंतर दात हलवायला तुम्ही नव्हता."

थिएटरमध्ये जबडा सुटा झाला, स्प्लिंट बसला आणि वरखालचे दात पहिल्याच स्पर्शात जुळले, की सर्जन माझ्याकडे बघतो. तो क्षण माझा असतो. आधी शस्त्रक्रिया केली तर टेबलावरचा चावा कच्चाच दिसतो. पुढचं सगळं खुर्चीत होतं, बघणारं कुणी नसतं. त्या नजरेसाठी मी किती जणांना वर्षभर तसं तोंड घेऊन फिरवलं, हा प्रश्न मी आजवर टाळला.

सध्या एका एकवीस वर्षांच्या मुलावरून आमचं चाललंय. वर्षाच्या अंतराने काढलेले दोन सेफ एकमेकांवर बसतात, म्हणजे वाढ थांबलीय. दाटीही कमी आहे. पण खालचे दात फार कललेत. ती म्हणते, मधलं वर्ष सांगितलं तर तो कॉलेज सोडेल. त्याच्यापुरतं मी तिचं ऐकलंय. मात्र ते दात नंतर उभे राहतील म्हणून जबडा आत्ताच किती जास्त मागे न्यायचा, तो आकडा तिने मला अजून दिलेला नाही. आणि तो मिळेपर्यंत मी शस्त्रक्रियेची तारीख देणार नाही.