मुखवट्यामागचा थकवा

ऑक्टाव्हिओ पाझ यांच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘एल लाबेरिन्तो दे ला सोलेदाद’ या ग्रंथात मेक्सिकन मुखवट्यांवर एक प्रकरण आहे. सौजन्य हेही स्वतःला झाकून घेण्याचे साधन असू शकते, हे त्यातले सूत्र. अमेरिकेत शिकवत असताना मी ते वर्षानुवर्षे रूपक म्हणून शिकवत आलो.

एका वर्षी वर्गात मेक्सिकन आईवडिलांची एक मुलगी होती. हसतमुख, चर्चेत पुढे, नजरेला नजर देऊन बोलणारी. वर्गातील सहभागाचे पूर्ण गुण मी तिला दिले. पुढच्या सत्रात ती दिसेनाशी झाली. वर्षभराने भेटली तेव्हा कळले की तिला ऑटिझमचे निदान झाले आहे. ते हसू, ती नजर तिने आरशासमोर घोटून घेतलेली होती. मधले काही महिने तिला साधे फोनवर बोलणेही जमत नव्हते.

घरी पाहुणे आले की प्रत्येकाच्या गालाला गाल लावायचा, जेवणानंतरच्या लांबलेल्या गप्पांतून उठायचे नाही. तसे न करणारी मुलगी ‘ब्येन एदुकादा’ नव्हे. या शब्दांत शिक्षणापेक्षा आपण ज्याला ‘वळण’ म्हणतो ते अधिक आहे. ‘एल के दिरान’ म्हणजे तर शब्दशः ‘लोक काय म्हणतील’! संघर्ष टाळून संबंध गोड राखण्याच्या या वृत्तीला, ‘सिंपातिया’ला, हॅरी त्रायान्दिस आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली सांस्कृतिक संहिता म्हटले होते. ही संहिता घरी स्पॅनिशमध्ये, बाहेर दुसरीच इंग्रजीत. शिवाय आईवडिलांची दुभाषी तीच. मुखवटा उतरवायचा कुठे?

या अवस्थेला ‘ऑटिस्टिक बर्नआउट’ म्हणतात. डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात तिची लक्षणे आहेत: दीर्घकाळ टिकणारा थकवा, आत्मसात कौशल्ये गळून पडणे, आवाज-प्रकाश असह्य होणे. घरच्यांना मात्र तो आळस वाटला. अमेरिकी सरकारच्या २०२० च्या पाहणीत आठ वर्षांच्या हिस्पॅनिक मुलांत ऑटिझमचे प्रमाण ३.२ टक्के, तर गोऱ्या मुलांत २.४ टक्के आढळले. या शतकाच्या पहिल्या दशकात चित्र उलटे होते. हिस्पॅनिक मुलांची नोंदच कमी होत असे. आज विशीत असलेली ही पिढी त्या दशकातली. ज्यांच्याकडे निदान नव्हते, त्यांच्याकडे उरले ते वळण.

तरीही हेच कुटुंब तिला सावरत होते. आजी ताट तिच्या खोलीत नेऊन ठेवी आणि काही न विचारता दार लोटून घेई. सिंपातियाचे ते रूप माझ्या टिपणांत कधी नव्हते.

मराठीत आपण ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतो. त्या मुलीला स्वतःत मग्न व्हायला उसंतच कुठे होती? तिचा सारा दिवस इतरांचे चेहरे वाचण्यात जात होता. मी पूर्ण गुण दिले होते, ते त्या कष्टाला नव्हे, मुखवट्याला.