कुंपणापर्यंतची धाव

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला सगळ्यातलेच कळते, असा आपल्याकडे एक समज आहे. मुलीचे स्थळ, विहिरीचे पाणी, गुडघेदुखी, पोराला डिप्लोमाला घालावे की अकरावीला, काहीही विचारा, 'साहेब' सांगणारच. मी साहेब नाही, क्लार्क आहे. अलीकडे आमचे नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असे भारदस्त केले आहे, पण काउंटरपलीकडची म्हातारी अजून 'ए भाऊ' अशीच हाक मारते आणि मला तेच बरे वाटते. तरीही राहुरीकडच्या माझ्या दाजींनी जेव्हा विचारले, "पाव्हणं, तुम्ही शिकेल माणूस. कारवानी कुत्र्याला कुंपणावरून उडी मारायला शिकवावी का नाय?" तेव्हा बी.कॉम.च्या तीन वर्षांत हा धडा कोणत्या पेपरात होता, ते मला काही केल्या आठवेना.

प्रश्न मात्र खरा होता. दाजींच्या बाणाला (बाण हे कुत्र्याचे नाव) पोटापासून मांडीपर्यंत अकरा टाके पडले होते. पहाटे उसातून रानडुक्कर निघाले, बाण त्याच्यामागे सुटला, आणि डुक्कर जिथून खालून निसटले तिथेच हा काटेरी तारेत अडकला. यात कुत्र्याची चूक नाही. कारवानी ज्याने जवळून पाहिला आहे त्याला हे पटेल. लांबट तोंड, खोल छाती, आणि कंबर अशी की, डॉक्टरांनी मला गेली दहा वर्षे जी सांगितली आहे ती हीच असावी. अंगावर चरबी औषधालासुद्धा नाही आणि कातडी एकदम तलम. घरी येणारा प्रत्येक पाहुणा "याला खायला घालता की नाही?" असे विचारतो आणि आक्का दुखावते, कारण बाण तिच्या हातच्या भाकऱ्या माझ्यापेक्षा जास्त खातो. शिवाय हा कुत्रा नाकाने माग काढणारा नव्हे, डोळ्याने काढणारा. सावज दिसले की नजर त्याच्यावर खिळली. मग मधे तार आहे, चर आहे की तहसीलदार उभे आहेत, त्याला काही दिसत नाही.

कूळ म्हणाल तर मोठे. व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर आला म्हणून कारवानी, असे म्हणतात. केसाळ असेल तर पश्मी. मुधोळच्या घोरपडे राजांनी या जातीला आश्रय दिला, विलायतेच्या पंचम जॉर्जला जोडी भेट दिली, म्हणून काही लोक त्याला मुधोळच म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली त्यात मुधोळही आहे. तिकिटावरच्या त्या कुत्र्याभोवतीसुद्धा चारी बाजूंनी बारीक भोकांचे कुंपण आहेच, पण ते फाडायला सोपे.

एवढ्या मोठ्या कुळातल्या कुत्र्याला कामधंदा काय, हा खरा पेच आहे. त्याचा वडिलोपार्जित धंदा ससे पकडण्याचा. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले आणि माळरानावरचा ससा कायद्याच्या मागे जाऊन बसला. बसावाच. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सशाची तर नाहीच. पण बाणाला हे कोणी कळवलेले नाही. त्याची व्ही.आर.एस. झाली आहे आणि पाय मात्र अजून नोकरीत आहेत. ऊस तुटून गेला की चार एकर रान मोकळे पडते. तेव्हा दाजी संध्याकाळी त्याला तिथे नेऊन नुसते सोडतात. मागे काही नाही, पुढे काही नाही, आणि तो धावतो. चारही पाय पोटाखाली गोळा होतात, मग एकदम लांब फेकले जातात, आणि मधे क्षणभर तो जमिनीवर नसतोच. दाजींसारखा उसाच्या बिलापलीकडे फारसा न बोलणारा माणूस बांधावर उभा राहून हे बघतो आणि तंबाखू मळायची विसरतो. अकरा टाके पडले तेव्हा हाच माणूस जनावरांच्या डॉक्टरांसमोर "जरा हळू हो, जरा हळू" असे म्हणत होता, हे आक्काने मला नंतर सांगितले.

तर उडी. विलायतेत लर्चर नावाचा एक कुत्रा आहे. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातीचा मेंढपाळी किंवा टेरियर कुत्र्याशी संकर केलेला. पूर्वी तो चोरून शिकार करणाऱ्यांचा सोबती म्हणून बदनाम होता. तिथेही 2004 च्या कायद्याने कुत्र्यांकरवी सशाची शिकार बंद झाली, बिळातले छोटे ससे आणि उंदीर तेवढे सुटीत राहिले. म्हणून तिकडच्या लोकांना हा प्रश्न अजून छळतो. उडीच्या बाजूचे म्हणतात, ज्याला उडी येते तो तारेतून घुसायला जात नाही, वरून जातो आणि मागचे पाय उचलून घेतो. काही तर तारेवर स्वतःचा कोट टाकतात, म्हणजे कुत्र्याला ती दिसते. मात्र पिलाला शिकवायचे नाही, हाडे पुरती भरू द्यायची. विरुद्ध बाजूचे म्हणतात, एकदा उडी आली की तुमच्या अंगणाची भिंत ही भिंत राहत नाही, आणि सगळ्यांत वरच्या दोन तारांत मागचा पाय अडकला तर कुत्रा तिथेच लटकतो.

दाजींना पहिली बाजू पटली. त्यांनी अंगणात बाज आडवी उभी केली. बाण आला, त्याने बाजेकडे पाहिले आणि वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. मला ते पूर्णपणे तर्कशुद्ध वाटले. मग त्याला समजावे म्हणून दाजींनी स्वतः उडी मारून दाखवली. वय वर्षे बावन्न. पुढचे चार दिवस बाण आणि दाजी दोघेही एकाच पडवीत पडून होते आणि आक्का दोघांनाही हळदीचे दूध देत होती. पाचव्या दिवशी बाणाला उडी जमली, पण ती बाजेवरूनच. तेव्हा बाज आडवी नव्हती, सरळ होती आणि तिच्यावर तात्या, म्हणजे दाजींचे वडील, झोपले होते.

तात्यांनी उठून बसल्यावर जो मुद्दा काढला तो विलायतेतल्या कोणाला सुचला नसता. ज्या तारेत बाण अडकला ती तार भावकीने ओढलेली. बांध कोणाचा याची केस चौदा वर्षे चालू. तात्या म्हणाले, "आपलं कुत्रं त्या तारंवरनं उडी मारून जायला लागलं म्हंजी ती तार हद्दीवर हाय असं आपन कबूल केल्यागत व्हतंय. वकिलाला इचार आधी." दाजींचा चेहरा पडला. मीही विचारात पडलो. आपला नगर जिल्हा, म्हणजे आता अहिल्यानगर, या बाबतीत अजब आहे. इथेच शनि-शिंगणापूर आहे, घरांना दारे नसलेले गाव म्हणून त्याची ख्याती. 2011 साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली, तेव्हा आमच्या कॅशियरला दोन रात्री झोप आली नव्हती. इथेच हिवरे बाजार आहे, जिथे गावाने ठरवून चराईबंदी पाळली आणि तारेवाचून डोंगर हिरवा केला. आणि त्याच जिल्ह्यात दोन चुलतभाऊ हातभर बांधासाठी तारेची भेंडोळी विकत आणतात.

माझे मत मात्र वकिलामुळे नाही, बिबट्यामुळे ठरले. आमच्याकडे उसात बिबट्या राहतो, हे आता कोणाला नवल नाही. तो तिथे जन्मतो, वाढतो आणि कारखान्याची तोड आली की शेजारच्या फडात बिऱ्हाड हलवतो. अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो याचा हिशेब मांडला. हिशेब म्हटल्यावर मी वाचला. वजनाने पाहिले तर त्याच्या खाण्यात 87 टक्के पाळीव जनावरे, आणि त्यात पहिला नंबर कुत्र्याचा, 39 टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा अवघा 11. कारण उघड आहे. शेळीचे पैसे येतात म्हणून ती रात्री कोंडलेली असते. कुत्र्याचे पैसे येत नाहीत म्हणून तो मोकळा.

हे आकडे मी दाजींना सांगितले आणि म्हणालो, "दाजी, त्याला उडी शिकवू नका. रात्री तो जेवढ्या सहज बाहेर जाईल, तेवढा थेट त्या 39 टक्क्यांत जाईल."

"आन् बाहेर असताना बिबट्या मागं लागला तर? आत यायला उडी नको?"

हा प्रश्न बिनतोड होता. म्हणजे त्याला आत येणारी उडी शिकवायची आणि बाहेर जाणारी नाही. बँकेत आम्ही जमा आणि नावे वेगळे लिहितो, पण कुत्र्याला कुंपणाच्या दोन बाजू वेगळ्या शिकवता येत नाहीत. आमच्याकडे पदोन्नतीचे तसेच आहे. परीक्षा दिली, क्लार्कचा ऑफिसर झाला, कुंपण ओलांडले, आणि मग परराज्यातल्या एखाद्या शाखेतून रात्री फोन येतो : परत यायला काही अर्ज असतो का रे? मी त्या परीक्षेला कधी बसलो नाही. बायको याला आळस म्हणते.

शेवटी तोडगा निघाला तो आक्काकडून, आणि तिने तो कोणाला विचारून काढला नाही. युरियाच्या रिकाम्या पांढऱ्या गोण्या घेतल्या, विळीवर पट्ट्या फाडल्या आणि त्या तारेला हात-दीड हातावर बांधून टाकल्या, मधल्या तारेलाही आणि वरच्याही. "त्याला दिसत नव्हती म्हणून लागली. आता दिसंल," एवढेच म्हणाली. मग दाजींनी त्याला दोरीला बांधून पट्ट्यांपर्यंत पळवत नेऊन थांबवायला शिकवले, पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ. थांबला की भाकरीचा तुकडा. उडीपेक्षा थांबणे शिकवायला फार वेळ लागतो, असे दाजी म्हणतात. दिवस मावळला की बाण शेळ्यांबरोबर गोठ्यात कोंडला जातो आणि तिथूनच भुंकून राखण करतो. शेळ्यांना हे आवडलेले नाही.

भावकीलाही आवडलेले नाही. 'आमच्या तारेला हात लावला' म्हणून त्यांनी वकिलाकडून नोटीस पाठवली आहे. तात्या ती खिशात घालून हिंडतात, कारण तार त्यांचीच असे त्यांनी आता लिहून दिले आहे आणि यातून काहीतरी निघेल अशी तात्यांना आशा आहे.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा पहाटे पुन्हा डुक्कर निघाले. दाजींनी गोठ्याचे दार उघडले. बाण गोळीसारखा सुटला आणि फडफडणाऱ्या पट्ट्यांच्या वावभर अलीकडे पाय रोवून धुरळा उडवत थांबला, आणि जे भुंकायला लागला ते थांबेना. डुक्कर तारेखालून सरपटले, उठले, आणि सावकाश भावकीच्या उसात शिरले. दाजींनी बाणाला बोलवायची काही घाई केली नाही.