जिता जीव

सोयाबीनचे झाड उपटायचे नसते, हे मला मामांनी शिकवले. उपटले की बारीक मुळे तुटतात आणि त्यांच्यावरच्या गाठी मातीतच राहतात. पेरणीला महिना-दीड महिना झाला की झाडाभोवतीची माती खुरप्याने वीतभर खोल उकरायची, झाड ढेकळासकट उचलायचे आणि बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचे. माती आपसूक सुटते. मग सोटमुळाला बिलगलेल्या गाठी दिसतात. एखादी ब्लेडने मधोमध कापली की आत गुलाबी. “ही कामाची,” मामा म्हणायचे. दुसरी एखादी आतून पांढरट निघायची. “ही नुसती खाते, ताई. देत काही नाही.”

मामा आमच्या कृषी महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत परिचर होते. शाळा सातवीपर्यंत झालेली. कागदोपत्री काम काचसामान धुण्याचे आणि ऑटोक्लेव्ह लावण्याचे, पण आम्हा विद्यार्थ्यांचा हात बसला तो त्यांच्यामुळे. गाठ आधी स्पिरिटमध्ये, मग मर्क्युरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात बुडवायची, निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, थेंबभर पाण्यात काचेच्या कांडीने चिरडायची आणि तो दुधट रस तारेने अगरवर ओढायचा. अगरमध्ये काँगो रेड घातलेले असते. इतर बरेच जिवाणू तो रंग शोषून घेतात; गाठीतल्या जिवाणूच्या, म्हणजे रायझोबियमच्या, वसाहती मात्र पांढऱ्या, चकचकीत आणि चिकट उठतात. सोयाबीनचा जिवाणू त्यातही संथ, त्याला आठवडाभर तरी द्यावा लागतो. प्लेटवर काही दिसत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी कुणी त्या फेकायला निघाले, की मामा इन्क्युबेटरच्या दारात उभे राहायचे. “जिता जीव हाय तो. त्याच्या टायमानं येईल.”

गाठीतून जिवाणू वेगळा काढण्याची ही विद्या 1888 सालची, हॉलंडच्या बायरिंकची. त्याच्या दोनच वर्षे आधी जर्मनीत हेलरीगेलने शेंगवर्गीय पिके गाठींच्या जोरावर हवेतला नायट्रोजन मिळवतात हे सांगितले होते. ही नावे मला पुस्तकात भेटली. बायरिंकची विद्या मात्र माझ्यापर्यंत पोचली ती मामांच्या, साबणाच्या पाण्याने पांढऱ्या पडलेल्या बोटांतून.

त्या गुलाबी रंगाचे मर्म एम.एस्सी.ला कळले. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने असे जखडलेले असतात की पिकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. खताच्या कारखान्यात तो बंध तोडायला 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. गाठीतला जिवाणू तेच काम काळ्या रानात, श्रावणातल्या झडीत करतो. त्याचे विकर म्हणजे नायट्रोजिनेज, दोन प्रथिनांची जोडी. धाकटे प्रथिन एकेक इलेक्ट्रॉन आणून देते. थोरल्याच्या पोटात 7 लोह, 9 गंधक आणि 1 मॉलिब्डेनम अशा अणूंचा एक पुंजका असतो आणि बंध तुटतो तो तिथे. या विकराची रचना 1992 साली उलगडली. पुंजक्याच्या ऐन मध्यावर बसलेला अणू कार्बनचा आहे, हे ठरायला मात्र 2011 उजाडले. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नव्हती.

काम स्वस्तात होत नाही. नायट्रोजनच्या एका रेणूमागे 8 इलेक्ट्रॉन आणि ऊर्जेचे किमान 16 एटीपी रेणू खर्ची पडतात, आणि हा सगळा खर्च झाड आपल्या साखरेतून भागवते. त्यात पुन्हा एक पेच आहे. एवढी ऊर्जा मिळवायला जिवाणूला प्राणवायू हवा, आणि नायट्रोजिनेजला तर प्राणवायू लागला की ते कायमचे निकामी होते. हा पेच सोडवते लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे भावंड. ते प्राणवायू धरून ठेवते आणि श्वासापुरता जिवाणूंपर्यंत पोचवते; मोकळा फिरू देत नाही. गाठ गुलाबी दिसते ती त्याच्यामुळे. पांढऱ्या गाठीतही जिवाणू असतात, झाडाची साखर त्यांनाही लागते, पण नत्र काही हाती येत नाही. वर्गात मी हे सगळे फळ्यावर आकृती काढून शिकवते, आणि शेवटी मामांचेच वाक्य सांगते. त्याहून नेमके वाक्य मला सापडलेले नाही.

मृग लागला की प्रयोगशाळेच्या दाराशी जिवाणू खताच्या पाकिटांसाठी शेतकऱ्यांची रांग लागायची. पाकीट देणे हे मामांचे काम नव्हते, तरी ते तिथे उभे राहायचे. कुठले पीक, हे आधी विचारायचे, कारण हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही. गूळ घालून पाणी उकळा, पुरते थंड होऊ द्या, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे पाकीट. सोयाबीनची साल नाजूक, हलक्या हातानेच चोळा. बुरशीनाशक लावायचे तर आधी, जिवाणू शेवटी. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

माझे वडील एकदा वसतिगृहावर डबा घेऊन आले आणि दुपारभर मामांजवळ बसले. आमच्याकडे सोयाबीन नवे होते. ज्या जमिनीत ते पीक पूर्वी झालेलेच नाही, तिथे त्याचा जोडीदार जिवाणू बहुधा नसतो, हे वडिलांना तोवर कुणी सांगितले नव्हते. उभ्या पिकात युरिया फेकू नका, आयते मिळाले तर झाड गाठी कशाला धरेल, हेही मामांनीच पटवले. पुढच्या खरिपापासून आमचा तो खर्च वाचला आणि वाचलेले पैसे माझ्या फीला आले. घरात आम्ही हे उघड बोलतो: पोरीच्या शिक्षणात मामांचा वाटा आहे.

निवृत्तीनंतर मामा गावी शेती करतात. हल्ली जिवाणू खत बाटलीतून, द्रवरूपातही मिळते. त्यांचा फोन आला, “बाटलीतले किती दिवस जगतात, ताई?” मी मुदत सांगितली, तरी त्यांचे समाधान झाले नाही. यंदा हरभऱ्याच्या अर्ध्या रानाला त्यांनी बाटली वापरली आहे, अर्ध्याला पाकीट. पीक फुलावर यायच्या सुमारास दोन्हीकडच्या गाठी कापून बघायला या, असा निरोप आहे. मी रजेचा अर्ज दिला आहे.