अस्थींवाचून देह

लोणच्याच्या बरणीपासून चहाच्या कपबशीपर्यंत सर्वांनाच आपण सरसकट ‘चिनी माती’ म्हणतो. परंतु अस्सल पोर्सेलिनचे माहेर म्हणजे चीनमधील जिंगदेजेन नगर. फ्रान्सवा झेव्हिए दांत्रकोल या येशूसंघीय धर्मगुरूंनी या कलेविषयी १७१२ व १७२२ साली लिहिलेली पत्रे आम्हांस विशेष मोलाची वाटतात. कारण ही विद्या त्यांनी ग्रंथांबरोबरच आपल्या ख्रिस्ती कारागिरांकडूनही समजून घेतली. एक भांडे सिद्ध होण्यापूर्वी सत्तर हातांतून जाते, अशी त्यांची नोंद आहे. पोर्सेलिनमध्ये केओलिन ही माती आणि दगडाची पूड एकत्र येतात. केओलिनवाचून भांडी घडवू पाहणाऱ्या परदेशीयांना अस्थींवाचून देह हवा होता, असा टोला तेथील एका व्यापाऱ्याने हाणल्याचेही ते सांगतात.

आज ही कला वस्त्रांच्या दुनियेत उतरली आहे. कोणी निळी-पांढरी नक्षी रेशमावर उमटवतो, तर कोणी प्रत्यक्ष पोर्सेलिनच अंगावर चढवतो. बीजिंगचे कलावंत ली शाओफेंग जुन्या राजवटींतील भांड्यांच्या खापऱ्या घासतात, त्यांना भोके पाडतात आणि तारेने जोडून त्यांचा पोशाख करतात. २०१५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रदर्शनात त्यांचा असा पोशाख मांडला होता.

२०१० साली लाकोस्त या फ्रेंच कंपनीसाठी त्यांनी असाच सदरा केला. पुरातन खापऱ्या देशाबाहेर नेण्यास कायद्याची आडकाठी होती. म्हणून नवी भांडी रंगवली, भाजली आणि मुद्दाम फोडली.

येथे आमचे मन अडखळते. काळाने फोडलेले वेचून जोडणे हा एक प्रकारचा उद्धार आहे. परंतु जोडण्यासाठीच फोडणे याला काय म्हणावे? कलावंताला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याने जुना ठेवा विकला नाही, ही गोष्ट लहान नव्हे. तरीही भट्टीच्या धगीपुढे घाम गाळणाऱ्याचे श्रम पाहिले म्हणजे भांडे फोडताना हात थरथरावा, असे वाटते.

वस्त्रावर नाव एकाचेच झळकते. त्यामागचे सत्तर हात अनामिकच राहतात. दांत्रकोल यांनी त्या हातांची निदान मोजदाद तरी केली. सौंदर्याचे मांस सर्वांना दिसते. त्याला उभे धरणाऱ्या अस्थी म्हणजे कारागिरांचे कष्ट. त्यांचा विसर पडला, तर कितीही देखणा पोशाख हा अस्थींवाचून देहच ठरेल.